पॅरिसच्या गणिका, कायदा आणि पोलिसांची नोंदवही

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या नामांकित गणिका कुलीन विवाहितांपेक्षा अधिक स्वतंत्र होत्या का आणि त्यांच्या मुलांचे काय होई, असे आपण विचारले आहे. नागरी कायद्यापुरते पाहिले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. मात्र त्या स्वातंत्र्याची सीमा पोलिसांच्या दप्तरात ठरत असे.

१८०४च्या नागरी संहितेने पतीची आज्ञा पाळणे हे पत्नीचे कर्तव्य ठरवले होते आणि त्याच्या संमतीवाचून तिला मालमत्तेची खरेदी-विक्री करता येत नव्हती. १८१६मध्ये रद्द झालेला घटस्फोट १८८४पर्यंत परत आला नाही. व्यभिचारासाठी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षे कैद होऊ शके. पतीला मात्र त्याने रखेल राहत्या घरात आणून ठेवली तरच शिक्षा होई, आणि तीही केवळ दंडाची. सज्ञान अविवाहित स्त्री या बंधनांतून मुक्त होती, त्यामुळे गणिकेला स्वतःच्या नावाने घर घेता येई, करार करता येई आणि कर्जही काढता येई. या कर्जानेच पुष्कळजणी बुडाल्या. ‘ला ट्राव्हियाता’ या ऑपेराची नायिका जिच्यावरून घडली, ती मारी द्युप्लेसी १८४७च्या फेब्रुवारीत, तेविसाव्या वर्षी क्षयाने वारली, आणि देणी भागवण्यासाठी तिच्या घरातील चीजवस्तू लिलावात निघाल्या. शांझेलिझेवर हवेली बांधणारी ला पाइवा हा अपवाद होता. तिच्यावरून इतरजणींचे अनुमान काढू नये.

आता त्या दप्तराविषयी. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंद ठेवणे, त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करणे आणि नियम मोडल्यास त्यांना सँ-लाझार तुरुंगात धाडणे, हे सारे पोलीस खाते संसदेच्या कोणत्याही कायद्यावाचून, केवळ प्रशासकीय अधिकारात आणि न्यायालयाला वळसा घालून करीत असे. श्रीमंत आश्रयदाता असलेली स्त्री सहसा या यादीबाहेर राही, आणि एकदा यादीत गेलेले नाव काढून घेणे महाकठीण होते.

सेलेस्त व्हेनारचे उदाहरण मला याबाबत सर्वांत बोलके वाटते. १८२४मध्ये जन्मलेल्या सेलेस्तचे नाव सोळाव्या वर्षीच यादीत गेले. पुढे माबीच्या नृत्योद्यानात ती ‘मोगादोर’ या नावाने गाजली, हिप्पोड्रोममध्ये तिने घोड्यांवरचे खेळ केले, तरी त्या नोंदीतून सुटण्यासाठी तिला दीर्घकाळ झगडावे लागले. १८५४मध्ये काउंट लिओनेल द शाब्रियांने तिच्याशी विवाह केला आणि तो वाणिज्यदूत म्हणून तिला मेलबर्नला घेऊन गेला. पण त्याच वर्षी तिच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या होत्या आणि तेथील प्रतिष्ठितांनी तिला दूरच ठेवले. १८५८मध्ये पती वारल्यावरही तिने कादंबऱ्या व नाटके लिहिणे सोडले नाही. ती १९०९पर्यंत जगली. तिच्या आठवणी मला फार मोलाच्या वाटतात, कारण या स्त्रियांविषयीचे बाकीचे बहुतेक लेखन त्यांना पैसे देणाऱ्या किंवा त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या पुरुषांचे आहे.

मुलांबाबत कायदा अधिक कठोर होता. संहितेच्या ३४०व्या कलमाने पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई केली होती, अपवाद फक्त अपहरणाचा, आणि ही स्थिती १९१२पर्यंत टिकली. आश्रयदात्याने स्वतःहून अपत्य स्वीकारले नाही, तर त्याचे पितृत्व न्यायालयात सिद्ध करण्याचा मार्ग आईला उपलब्धच नव्हता.