दुसऱ्या ताऱ्यावरच्या वसाहतीची कादंबरी लिहायची आहे. यान आणि ते चालवणारी यंत्रबुद्धी वाचकाला पटेल अशी कशी उभी करू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की यानात गोठवलेले भ्रूण आहेत, सगळा कारभार यंत्राकडे आहे आणि तरीही गोष्ट पोकळ वाटते. माझ्या मते तुम्ही यंत्राच्या स्वभावापासून सुरुवात करताय, म्हणून हे होतंय. आधी तारा आणि वेग ठरवा. यंत्राकडे किती सत्ता असेल आणि ती कोणी काढून घेऊ शकेल का, हे या दोन आकड्यांतूनच बाहेर येतं.

ताऱ्यापासून सुरुवात करू. प्रॉक्सिमा सेंटॉरी सगळ्यात जवळचा, 4.24 प्रकाशवर्षांवर. त्याचा 2016 साली सापडलेला ग्रह 11.2 दिवसांत एक फेरी मारतो, म्हणजे ताऱ्याला अगदी खेटून आहे. त्यात हा तारा अधूनमधून जोरदार भडकतो. वसाहतीला ही जागा वाईट, कथानकाला चांगली. टाऊ सेटी 11.9 प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याच्या जातीचा पण थोडा लहान. मात्र त्याच्याभोवती आपल्या सूर्यमालेपेक्षा कितीतरी जास्त धूळ आणि दगडधोंडे आहेत. पुढची उदाहरणं टाऊ सेटी धरून देतो.

वेग प्रकाशाच्या दहा टक्के धरा. व्हॉयेजर-1 सेकंदाला 17 किलोमीटर जातं. त्या वेगाने प्रॉक्सिमाचं अंतर कापायलाच 75 हजार वर्षं लागतील. दहा टक्के म्हणजे सेकंदाला 30 हजार किलोमीटर. यानाच्या दर किलोमागे हिरोशिमाच्या सात बॉम्बएवढी ऊर्जा तेवढ्या वेगासाठी ओतावी लागते. वाटेत एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर तो 100 किलो टीएनटीचा स्फोट, त्यामुळे पुढे जाड ढाल हवीच. या वेगाला आइनस्टाइनच्या कालविस्ताराचा, म्हणजे वेगात घड्याळ हळू चालण्याचा, उपयोग मात्र नाही. सव्वाशे वर्षांच्या प्रवासात यानावरचं घड्याळ जेमतेम सात महिने मागे पडतं. नायक परत येतो तेव्हा सगळे म्हातारे झालेले, हा प्रसंग इथे बसत नाही.

सर्वात जास्त फसगत होते ती थांबण्यात. संलयन इंजिनातून (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या) बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग प्रकाशाच्या तीन टक्के धरला, तर दहा टक्क्यांपर्यंत पोचायला यानाच्या दर टनामागे साधारण 27 टन इंधन लागतं. तिथे पोचून थांबायचं असेल तर दुप्पट, म्हणजे 54 टन लागेल असं वाटतं. लागतं 785 टन, कारण ब्रेकसाठी राखलेलं इंधनसुद्धा आधी वेगात आणावं लागतं. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने 1973 ते 1978 या काळात आखलेल्या डिडलस यानाचं वजन सुमारे 54 हजार टन होतं. त्यातलं 50 हजार टन ड्युटेरियम आणि हेलियम-3 हे संलयनाचं इंधन होतं, आणि एवढं असूनही ते बर्नार्डच्या ताऱ्याजवळून न थांबता निघून जाणार होतं. वसाहतीच्या यानाला तसं चालणार नाही. म्हणून अतिवाहक, म्हणजे वीज विनाअडथळा वाहून नेणाऱ्या, तारेचं प्रचंड कडं उलगडून ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर ब्रेक लावणारं चुंबकीय शीड वापरा. कड्याचा एक भाग उलगडलाच नाही, तर यंत्राला पहिला खरा निर्णय घ्यावा लागतो.

आता वेळापत्रक मांडा. पृथ्वीच्या गुरुत्वाच्या शंभराव्या भागाएवढा प्रवेग धरला तर वेग घ्यायला जवळपास पावणेदहा वर्षं, थांबायला तेवढीच आणि एकूण 128 वर्षांहून थोडी जास्त. यान 2200 साली निघालं तर 2328 ला पोचेल. ‘ग्रह राहण्याजोगा नाही, काय करू?’ हा संदेश पृथ्वीवर 2340 ला मिळेल, उत्तर 2352 ला येईल. पोचल्याबरोबर भ्रूण वाढवले असतील तर पहिली मुलं तोवर तेवीस-चोवीस वर्षांची झालेली असतील. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधला यंत्रमानव पृथ्वीवर, माणसांच्या डोळ्यांसमोर असतो. तुमच्या यंत्राला विचारायला कोणीच नाही. त्याला बंडखोर बनवायची गरजच नाही, पाव शतक उत्तराची वाट पाहता येत नाही एवढंच पुरेसं आहे. यंत्रांनी वाढवलेल्या मुलांचा समाज कसा वळण घेतो, हे जेम्स होगनच्या 1982 च्या ‘व्हॉयेज फ्रॉम यस्टरइयर’मध्ये आहे. तुमचं कथानक त्याच्या फार जवळ जात नाही ना, ते एकदा पाहून घ्या.

यंत्राच्या शरीराकडेही लक्ष द्या. पोकळीत उष्णता फक्त प्रारणाने बाहेर पडते. एक मेगावॉट खाणारा संगणक 27 अंश सेल्सिअसला ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी उष्णता टाकणारे सुमारे 1,100 चौरस मीटरचे सपाट पत्रे लागतात, म्हणजे कबड्डीची आठेक मैदानं. म्हणून प्रवासात यंत्राने स्वतःची गती कमी करून ठेवणं तर्काला धरून होईल. विजेसाठी प्लुटोनियम-238 लिहिलं असेल तर खोडा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 87.7 वर्षांचं आहे, पोचेपर्यंत 36 टक्केच उरेल. वैश्विक किरणांनी स्मृतीतले बिट उलटतात, त्यावर तीन संगणकांचं बहुमत हा नेहमीचा उपाय. पण तिघांतही एकच प्रोग्रॅम असेल तर तिघंही एकच चूक करतात. स्पेस शटलमध्ये चार संगणकांवर एक प्रोग्रॅम आणि पाचव्यावर वेगळ्या चमूने लिहिलेला प्रोग्रॅम होता, तो याचसाठी. हा वेगळ्या डोक्याचा पाचवा मला कादंबरीतलं उत्तम पात्र वाटतो.

जागी माणसंही नेणार असाल तर पाणी-हवा-मातीचा हिशेब फार कडक होतो. 98 टक्के पाणी परत मिळालं तरी 34 फेऱ्यांत निम्मं जातं. किम स्टॅन्ली रॉबिन्सनची 2015 ची ‘ऑरोरा’ याच हिशेबावर उभी आहे, आणि तिचा बराचसा भाग यानच सांगतं.

शेवटी मागून येणारं यान तपासा, वाचक हे हमखास विचारतात. 2240 साली दुप्पट वेगाचं यान निघालं तर ते 2318 ला, म्हणजे तुमच्या यानाच्या दहा वर्षं आधी, टाऊ सेटीला पोचतं. त्याची बातमी रेडिओने तुमच्या यंत्राला 2244 मध्येच कळते. तेव्हा पुढची 84 वर्षं ते काय करतं आणि जागं असलेल्या कोणाला सांगतं का, हे पहिलं प्रकरण लिहायच्या आधी ठरवून ठेवा.