जुनी आरएक्स-७ घ्यावी की नंतरची आरएक्स-८?

प्रश्न : माझदाची १९९० च्या दशकातील आरएक्स-७ आणि तिच्यानंतरची आरएक्स-८ अशा दोन वापरलेल्या गाड्या माझ्यासमोर आहेत. दोन्हींचे रोटरी इंजिन १.३ लिटरचेच असताना नव्या गाडीची ताकद कमी का? निवड कशावरून करावी?

उत्तर : ताकदीतील फरक टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रामुळे, पडलेला आहे. १९९१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो होते आणि जपानमधील तिच्या अखेरच्या आवृत्त्या २८० अश्वशक्तीपर्यंत पोहोचल्या. २००३ च्या आरएक्स-८ मध्ये टर्बो नाही. तरीही तिच्या वरच्या जपानी आवृत्तीची ताकद २५० अश्वशक्ती होती, म्हणून तिला दुबळी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र ही ताकद मिनिटाला ८,५०० फेऱ्यांच्या आसपास हाती येते, त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर चालवणाऱ्याला ती जाणवत नाही.

खरा बदल एक्झॉस्टच्या जागेत आहे. आरएक्स-७ मध्ये जळालेला वायू रोटरभोवतीच्या (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी भागाभोवतीच्या) कवचातील छिद्रातून बाहेर पडतो आणि ते पूर्ण मिटण्याआधीच इंधन-हवेचा मार्ग उघडू लागतो, त्यामुळे जुना वायू नव्या मिश्रणात मिसळतो. आरएक्स-८ मध्ये ही छिद्रे बाजूच्या भिंतींत नेल्यामुळे दोन्ही मार्ग एकाच वेळी उघडे राहत नाहीत, न जळलेले इंधन कमी बाहेर जाते आणि गाडी उभी असताना इंजिन अधिक शांत चालते.

रोज चालवायची असेल आणि मागे माणसे बसणार असतील, तर चार आसनांची आरएक्स-८ घ्यावी. आरएक्स-७ चा वेग घेण्याचा आवेग मला आजही अधिक प्रिय आहे. पण टर्बोचे नियंत्रण करणाऱ्या तिच्या असंख्य रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात आणि त्यांचा शोध घेणे कष्टाचे असते.

कोणतीही घेतली, तरी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यांत तयार होणारा दाब, तपासून घ्यावे. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि पिस्टन इंजिनासाठीचे साधे मापक त्यांतील सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवते. रोटरच्या टोकाची एक सील (कप्प्यातला वायू निसटू न देणारी पट्टी) गेली की तिच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतील दाब पडतो, तिसरा मात्र शाबूत राहतो आणि मापक फसवते. म्हणून तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारे रोटरीचे मापक असलेल्या कारागिराकडेच जावे. प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवल्यास हवेचे फुत्कार एकसारखे येतात की एखादा दमदार आणि पुढचे दोन क्षीण, हेही कानाने ऐकावे.

गाडी घरी आणल्यावर थंड इंजिन सुरू करून चार पावले हलवून लगेच बंद करू नये; इंधनाने प्लग भिजतात, सीलवरचे तेल धुऊन जाते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही.