नवीनच कॅम्पर व्हॅन (आत राहायची, झोपायची सोय असलेली गाडी) घेतलीय. बेळगावहून चोर्ला, आंबोलीकडे फिरायचंय. आधी काय घ्यावं?

टीव्ही, गाडीबाहेर ओढायचं कापडी छत सगळं नंतर. आधी विजेचं बघा. इंजिनची बॅटरी आणि आतल्या दिव्यांची, फ्रिजची बॅटरी वेगवेगळी हवी, नाहीतर सकाळी गाडी ढकलायला माणसं शोधाल. 12 व्होल्ट, 100 एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरीत साधारण 1200 वॉट-तास वीज मावते. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरा. छोटा फ्रिज आणि पंखा रात्रभर चालतो, पण इंडक्शन शेगडी तासाभरात बॅटरी झोपवते. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. आणि पावसाळ्यात चोर्ल्याजवळच्या कणकुंबीकडे निघालात तर सोलरवर भिस्त नको, चालत्या इंजिनवर चार्ज होईल असं करून घ्या.

सिलिंडर ठेवता तिथे तळाशी जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खालीच साचतो. अग्निशामक दाराजवळ, हाताला लागेल असा.

100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, हे घाटात विसरू नका. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. चाकांना लावायला लाकडी ठोकळे आणि हवा मोजायचा गेज घ्या.

पहिला मुक्काम मात्र घरच्या अंगणातच करा. काय राहिलं ते तिथेच कळतं.