जिनिंगचा जुना डॉस प्रोग्रॅम विंडोज ११ वर: आधी फोल्डर वाचवा

भाऊ, जिनिंगचा जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर कसा चालवायचा, असं तुम्ही विचारलंत. तुमचं दुखणं ओळखीचं आहे. कापूस खरेदीचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या डाटाबेस सॉफ्टवेअरमधला, डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचा. विंडोज एक्सपीचा डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, उन्हाळ्यात बंद पडला, मालकांनी विंडोज ११ चा लॅपटॉप आणला, आणि आता तो प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही. दुकानवाल्याने कम्पॅटिबिलिटी मोड लावून पाहिला म्हणता. त्याने काही होणारच नव्हतं.

तो मोड विंडोजच्या जुन्या प्रोग्रॅमला 'तू एक्सपीवरच आहेस' असं भासवतो, बस. तुमचा प्रोग्रॅम डॉसचा. डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम नावाचा भाग ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती, तिच्यात तो मिळायचा. विंडोज ११ मात्र ३२-बिटमध्ये निघालंच नाही. त्यामुळे सेटिंगमध्ये डोकं घालत बसू नका.

डबा भंगारात गेला नसेल तर आधी त्याची हार्ड डिस्क काढा. मागे रुंद, दोन ओळी पिनांचा सॉकेट असेल तर आयडीई, चपट्या पट्टीचा असेल तर साटा. त्याप्रमाणे यूएसबी कन्व्हर्टर घ्या आणि प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर उचला. अख्खं म्हणजे अख्खं, राजेहो! मी एकदा एका दालमिलवाल्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट करताना फक्त डीबीएफ, म्हणजे नोंदींच्या, फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. डाटा तोच ना, असं वाटलं. नावं आली, वजनं आली; पण शेऱ्याचा रकाना एफपीटी नावाच्या वेगळ्या फायलीत असतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. कोणाचा माल ओला होता, कोणाला किती उचल दिली, सगळं गेलं. मालक काही बोलला नाही, पण चहाही विचारला नाही.

फोल्डरच्या दोन प्रती करा. एक कपाटात ठेवा. दुसरीतली डीबीएफ लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्रॅम) उघडून पहा. जुना हिशेब तिथे सरळ रकान्यांत दिसतो. फक्त पाहा, सेव्ह करू नका.

आता चालवायचं कसं? डॉसबॉक्स हा विंडोजच्या आत डॉसचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला, त्यात प्रिंटिंग नाही. तुम्हाला तर काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, छापायची. म्हणून डॉसबॉक्स-एक्स किंवा त्याच कामाचा व्हीडॉस घ्या, डॉसबॉक्स-एक्स फुकट आहे. डॉसबॉक्स-एक्समध्ये माउंट कमांडने ते फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडलं की तुमची जुनी स्क्रीन समोर येते. सुरू होतानाच 'डिव्हाइड बाय झिरो' असं म्हणून बंद पडला तर घाबरू नका. जुना फॉक्सप्रो वेगवान प्रोसेसरवर असा अडखळतो. डॉसबॉक्स-एक्समधली सायकल्स ही वेगाची सेटिंग कमी करून वेग उतरवा, मग चालतो.

प्रोग्रॅमला पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटचं) कुलूप, म्हणजे डोंगल असेल तर मात्र गोष्ट वेगळी. यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यावर बहुधा ओळखला जात नाही. त्यापेक्षा पॅरलल पोर्टवाला एखादा जुना चालू डबा शोधा. वजनकाटा सिरियल केबलवर असेल तर फारसं अडत नाही, यूएसबी ते सिरियल केबलने काम होतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक्सपी टाका, असंही कोणी सांगेल. चालतं, पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, आत नेट मुळीच जोडू नका. आणि एका प्रोग्रॅमसाठी अख्खी दुसरी विंडोज सांभाळायची, तीही लाइट येते-जाते अशा ठिकाणी, मला तरी पटत नाही.

हे सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या, आधी उरकून घ्या. गेटावर कापसाच्या गाड्या लागल्यावर कोणी तुम्हाला स्क्रीनसमोर बसू देणार नाही. पहिले आठ दिवस कार्बन लावून हाताने पट्टी फाडत राहा आणि संध्याकाळी प्रोग्रॅमशी बेरीज जुळवा. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आहे की लेझर, आणि मागे कोणती केबल आहे, तेवढं कळवा. छपाईची सेटिंग त्यावरून सांगतो.