टाके काढले, मग पडदा सुटला का?

"मॅडम, ऑपरेशनच्या आधी मला याच्यापेक्षा बरं ऐकू येत होतं." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी सांगून टाकलं. डाव्या कानाचा पडदा बसवून 21 दिवस झाले होते. कान-नाक-घसा विभागात समुपदेशक म्हणून बसते, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. पण ताईंचा पुढचा प्रश्न नवीन होता. "टाके काढले ना परवा. मग पडदा सुटला असेल का?"

ताई पोळीभाजीचे डबे देतात. लहानपणापासून सर्दी झाली की कान वाहायचा, पडद्याला भोक पडलेलं. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून डॉक्टरांनी ते भोकाला ठिगळासारखं लावलं. ठिगळ म्हटलं की शिवण आलीच, असं त्यांच्या मनात बसलं होतं. मी कागदावर काढून दाखवलं. टाके होते ते कानामागच्या कातडीला. आतलं ठिगळ कोणी शिवत नाही. त्याच्या आतबाहेर विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे भरतात, त्यांच्या आधाराने ते चिकटतं. कानात भरलेली पट्टी, म्हणजे पॅक, काढला तो बाहेरचा. आतला स्पंज विरघळायला काही आठवडे जातात. तोवर कान बोळा घातल्यासारखाच राहणार.

पटलं नाही. म्हणून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कान बघितला, मग धातूचा काटा वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. "आवाज कुठल्या बाजूला येतोय?" ताई गोंधळल्या. "डाव्या... पण डावा तर बंद आहे!" डॉक्टर हसले. बाहेरची वाट बुजलेली आणि आतली ऐकण्याची शीर शाबूत असली, की असंच होतं. त्या एका काट्याने जे काम केलं ते माझ्या चित्राने केलं नव्हतं, हे कबूल.

उठता उठता त्या पुन्हा बसल्या. "अजून एक आहे. घरी नाही सांगितलं." जिभेची डावी कड तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी लागत होती. आमटी दोनदा खारट झाली, एक डबा बंद झाला. काहीतरी भलतंच झालंय, या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

चवीची एक बारीक शीर पडद्याच्या अगदी मागून जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाऊ शकते. बहुतेकांची चव काही महिन्यांत सुधारते, क्वचित थोडा फरक राहतो. हे संमतीपत्रात होतं आणि मीच वाचून दाखवलं होतं, आदल्या संध्याकाळी, "भूल उतरेल ना?" एवढंच डोक्यात असलेल्या बाईला! तेव्हापासून मी आधी विचारते, तुम्ही काम काय करता? स्वयंपाक करणारीला चवीचं सगळ्यात आधी सांगते.

बाकीचे धोकेही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा खरे ऐकले. दहातल्या एखाद-दुसऱ्याचं ठिगळ धरत नाही, मग पुन्हा करावं लागू शकतं. आतल्या शिरेला इजा होऊन ऐकू येणं कायमचं कमी होणं फार विरळ, शंभरात एखादा किंवा त्याहूनही कमी. चेहऱ्याच्या शिरेला इजा त्याहून विरळ. पण तोंड वाकडं वाटलं, गरगरायला लागलं, ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा कानातून पू आला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

आणि मिरचीची फोडणी! ठसका लागून शिंक आली की त्या नाक दाबून धरत होत्या, डब्यांवर उडू नये म्हणून. तो सगळा दाब कानात जातो. शिंक तोंड उघडून द्यायची, फडक्यात. नाक जोरात शिंकरायचं नाही. पिठाचा डबा सध्या मुलाने उचलायचा. डोक्यावरून पाणी घेताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस.

"आत्या लसणाचं तेल कढवून ठेवतात रोज," त्या हळूच म्हणाल्या. "नाही म्हटलं तर वाईट वाटतं त्यांना."

पुढच्या खेपेला या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, बरोबर बोलावलं. तेल ठिगळाला कसं घातक, ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं. सुनेच्या तोंडून ते कधीच उतरलं नसतं.

तीन महिन्यांनी श्रवण तपासणी झाली. ठिगळ धरलंय, ऐकणं वाढलंय, उजव्या कानाइतकं नाही. केस विंचरताना कानाचा वरचा भाग अजून बधिर लागतो म्हणाल्या; तोही हळूहळू येतो. आमटीचं मीठ सध्या लेक चाखते.