रिमला तडा गेलाय, वेल्डिंग करू का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गणपती होऊन गेले की या सदरात खड्ड्यांचीच पत्रं जास्त येतात, यंदाही तेच झालंय. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : दादा नमस्कार, गणपतीला माणगावला गावी जाताना मुंबई-गोवा हायवेवर रात्री पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, पुढचं चाक धाडकन आदळलं. दीडशे सीसीची गाडी आहे, अलॉय आणि ट्यूबलेस. तेव्हापासून दोन दिवसांत हवा उतरते. पंक्चरवाला म्हणतो हातोडीने ठोकून सरळ करतो, नाहीतर ट्यूब टाका. रिमला एका जागी बारीक रेघ पण दिसतेय, वेल्डिंगवाला म्हणतो आर्गनने भरून देतो, नव्यासारखं होईल. नवीन चाक खिशाला परवडत नाहीये. काय करू? – एक वाचक, पनवेल

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती रेघ. हवा उतरणं त्यामानाने किरकोळ आहे. ट्यूबलेसमध्ये टायरची कड रिमच्या ओठाला घट्ट चिकटून बसते म्हणून हवा टिकते, ओठ जरा जरी वाकला तरी तिथून हवा हळूहळू निघते, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतातच. पण ती रेघ खरंच तडा असेल तर प्रश्न हवेचा राहत नाही, तुमच्या जिवाचा होतो.

आधी खात्री करा. टायर उतरवून घ्या, रिम आतून-बाहेरून स्वच्छ धुवून पूर्ण वाळवा. रेघ आहे तिथे रॉकेल किंवा डिझेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, मग कापडाने अगदी कोरडं पुसा आणि वरून साध्या पांढऱ्या खडूची पूड चोळा. नुसता ओरखडा असेल तर खडू पांढराच राहतो. तडा असेल तर आत मुरलेलं तेल परत वर येतं आणि खडूवर ओली काळपट रेघ उमटते. जुन्या वर्कशॉपमधली युक्ती आहे ही आणि अजूनही चालते, पण खडू कोरा राहिला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, शंका असेल तर डाय पेनिट्रंट टेस्ट (रंग मुरवून तडा शोधायची तपासणी) करून देणाऱ्याकडे चाक न्या.

तडा निघाला तर चाक बदला, माझं यावर दुसरं काही मत नाही. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचं कास्टिंग, बऱ्याच चाकांना कास्टिंगनंतर कारखान्यात ठरावीक पद्धतीने तापवून-थंड करून मजबुती आणलेली असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या आजूबाजूची ती मजबुती निघून जाते. वेल्ड वरून छान दिसतो, पॉलिश मारली की कळत पण नाही, आणि पुढच्या खड्ड्याला तडा वेल्डच्या शेजारून जातो. पुढच्या चाकातली हवा एकदम गेली तर साठच्या स्पीडला सावरायला वेळ मिळत नाही हो. ट्यूब टाकली तर हवा टिकेल पण तडा आत वाढतच राहील, फक्त तुम्हाला कळणार नाही.

तडा नसेल, नुसता ओठ वाकला असेल, तर मात्र नवीन चाक घ्यायची गरज नाही. फक्त थंड रिमवर हातोडी मारू देऊ नका, जिथे तडा नव्हता तिथे तशाने पडतो. अलॉयचा बेंड काढणाऱ्यांकडे हायड्रॉलिक प्रेस असतो, ते बेताने गरम करून हळूहळू दाबत आणतात. काम द्यायच्या आधी एवढंच विचारा की डायल गेज (चाक किती वाकडं फिरतं ते मोजायचं काट्याचं साधन) लावून आधी आणि नंतर दाखवाल का. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये आउटची, म्हणजे चाक फिरताना किती डुलावं याची, मर्यादा 2 मिमीच्या आसपास असते, जो गेज दाखवायला का कू करतो त्याच्याकडे चाक ठेवू नका. आणि बेंड ओठावर नसून जिथे आऱ्या रिमला मिळतात तिथे असेल तर ते चाकही बदललेलंच बरं.

एवढा दणका बसलाय तर शॉकअपही बघून घ्या. ऑइल सील गळतंय का, गाडी एका बाजूला ओढते का, पुढचं चाक उचलून हलवलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागतो का. चाक नवीन घातलं आणि शॉकअप धरून ठेवणारी टी वाकलेलीच राहिली असं होऊ नये.

प्रश्न : माझ्याकडे जुनी शंभर सीसीची तारांची गाडी आहे, शेतात जायचा रस्ता बेकार. मागचं चाक लडबडतं. रिम बदलू का? – एक शेतकरी, निफाड

उत्तर : आधी आउट काढून बघा. मेन स्टँडवर गाडी लावा, चाक फिरवत स्क्रूड्रायव्हरने एकेक तार वाजवा, ताणलेली तार टणकन वाजते आणि सैल झालेली बद्द. बऱ्याचदा तारा सैल झाल्यानेच चाक डुलतं आणि चांगला कारागीर तारेच्या टोकाचं निपल फिरवून ते सरळ करतो. तारांची वर आलेली टोकं मात्र घासून घ्यायला सांगा आणि रिमटेप (रिम आणि ट्यूबच्या मधली पट्टी) नवीन टाका, नाहीतर ट्यूब आतूनच पंक्चर होत राहील. रिम चेपलेलीच असेल तर फक्त रिम आणि तारा बदलतात, हब तेच राहतं. बांधून आणल्यावर काही दिवसांनी तारा परत एकदा ताणून घ्या, नवीन तारा बसताना थोड्या ढिल्या पडतातच.

प्रश्न : खड्ड्यात रिम गेली तर इन्शुरन्स मिळतो का? आणि महापालिकेकडून भरपाई? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नुसतं थर्ड पार्टी असेल तर नाही. ओडी (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं) कव्हर असेल तर मिळू शकतो, पण घसारा कापतात, गाडी 1 ते 2 वर्षांची असेल तर धातूच्या पार्टवर 10 टक्के, 4 ते 5 वर्षांची असेल तर 35 टक्के. झिरो डेप घेतलं असेल तर ही कपात साधारण वाचते. टायरचे नेहमीच्या पॉलिसीत निम्मेच मिळतात, तेही गाडीचं दुसरं नुकसान त्याच वेळी झालं असेल तरच. क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) जातो, तो 20 ते 50 टक्के असतो पण फक्त ओडीच्या प्रीमियमवर, म्हणून पॉलिसीवरचा तो आकडा आणि रिमचं बिल शेजारी ठेवून मग ठरवा. आणि हो, चाक खोलायच्या आधी कंपनीला कळवा, खड्ड्याचे आणि चाकाचे फोटो काढून ठेवा.

भरपाईचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यायचा आदेश दिला, पण ते माणसाला झालेल्या इजेसाठी आहे, रिमच्या बिलासाठी नाही.

प्रश्न : पावसात ग्रिपसाठी हवा कमी ठेवावी म्हणतात, खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात ठेवू नका. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठाला टायर पूर्ण दबतो आणि मार थेट रिमला बसतो, वर ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायलाही टायर कमी पडतो. बऱ्याच कम्यूटर गाड्यांना पुढे 25 आणि मागे एकट्याला 28-29 पीएसआय असतं, डबलसीटला मागे जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेनकव्हरच्या किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या स्टिकरवर असतो, तो बघा आणि टायर थंड असताना हवा तपासा.