रंग गेला की मण्यात शिरला?

प्रश्न : सर, मी इचलकरंजीची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी लॅकेज हे रंग तोडणारं एन्झाईम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थाच्या) मण्यांत अडकवून डाईंगच्या पाण्यात टाकलं. रंग बराच उतरला, पण दुसऱ्या दिवशी मणी फुगून मऊ पडले, काही तर विरघळले. असं का झालं? आणि हे मोठ्या प्लांटला जमेल का?

उत्तर : तुझ्या हाताचा दोष नाहीये गं. अल्जिनेटला घट्ट धरून ठेवतं ते कॅल्शियम, म्हणून तर आपण ते सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराईडमध्ये सोडतो. आता कॉटनच्या रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगच्या (धाग्याशी पक्के जुळणाऱ्या रंगांच्या) पाण्यात मीठ भरपूर, वर सोडा अ‍ॅश, मग मिठातलं सोडियम कॅल्शियमला हुसकावतं, सोडा अ‍ॅशचं कार्बोनेट उरलंसुरलं ओढून घेतं, मणी फुगणार नाही तर काय. फॉस्फेट बफरमध्ये धुतले असशील तरी तीच गत. शिवाय अल्जिनेटमध्ये नुसतं अडकवलेलं एन्झाईम हळूहळू गळतंच. कायटोसानचे (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेल्या पदार्थाचे) मणी करून बघ, ग्लुटाराल्डिहाईड हे जोडणारं रसायन लावलं की एन्झाईम मण्याला नीट बांधलं जातं आणि मणी आम्लातही टिकतो. आम्लात टिकणं गरजेचं आहे, कारण बुरशीच्या लॅकेजला बहुतेक वेळा थोडं आंबट पाणीच मानवतं आणि तुझं पाणी पडलं अल्कलाईन, तेव्हा आधी पीएच खाली आण.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. रंग उतरला म्हणतेस, तो तुटला की मण्याने शोषून घेतला? पुढे कायटोसान घेशील तर ते असले रंग भयंकर ओढतं. एक मणी ब्लेडने अर्धा कापून बघ, आत रंग दिसला तर समज काय झालंय. आणि उकळून मारलेलं एन्झाईम घालून वेगळे मणी कर, तेही त्याच पाण्यात ठेव, दोन्हीकडे रंग सारखाच उतरला तर लॅकेजने काही केलंच नाही. सुरुवातीला रेमाझोल ब्रिलियंट ब्लू आर हा निळा रंग घे, तो लॅकेजला सहज तुटतो, अ‍ॅझो रंगांपैकी (नायट्रोजनच्या जोडबंधाचे रंग) बरेचसे मीडिएटर, म्हणजे एन्झाईमला मदत करणारा छोटा रेणू, घातल्याशिवाय दाद देत नाहीत. आणि पाण्याचा रंग गेला म्हणून खूश होऊ नकोस, रंगाचे तुकडे पाण्यातच असतात, सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) काढ.

प्लांटचं म्हणशील तर माझं मत जरा कडू आहे. जपानात १९६९ पासून अमिनो आम्लं बनवायला अडकवलेलं एन्झाईम कारखान्यात वापरलं गेलं, पण तिथे शेवटी विकायला माल मिळतो, सांडपाण्यातून विकायला काय मिळणार? लॅकेजला हवेतला ऑक्सिजन पुरतो, पेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाईमसारखं हायड्रोजन पेरॉक्साईड घालावं लागत नाही, तेवढी बचत आहे, तरी सगळ्या गावाचं पाणी एकत्र झाल्यावर तिथे हे मणी टाकणं म्हणजे पैसे ओतणं. जमलंच तर एखाद्या युनिटमध्ये, एकाच प्रकारचा रंग असलेल्या पाण्यावर, मीठ मिसळण्याआधी जमेल. पण रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगमध्ये मीठ पहिल्यापासूनच असतं, त्यामुळे तुमच्याकडे तरी अवघडच दिसतंय.